बाटानेस: वाऱ्याच्या बेटांवर जायचा बेत असा आखा

फिलिपिन्समधल्या बाटानेस बेटांवर, बास्कोच्या विमानतळावर मी सलग दोन सकाळी सामान घेऊन गेलो आणि दोन्ही दिवशी सामानासकट खोलीवर परत आलो. पाऊस नव्हता, छान ऊन पडलं होतं. पण धावपट्टीवर आडवा वारा होता आणि मनिलाहून यायचं विमान तिकडून निघालंच नव्हतं. मनिलाहून पुढचं माझं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं, ते बुडालं. शेजारी सुक्या माशांची पेटी घेऊन बसलेल्या आजींना लेकीकडे मनिलाला जायचं होतं. माझा चेहरा बघून त्या हसल्या. "उद्या नाही तर परवा," म्हणाल्या.

बाटानेसच्या बेतात माणूस फसतो तो दिवसांच्या हिशोबात. म्हणून आधी तोच हिशोब सांगतो. काय बघायचं, काय खायचं ते नंतर.

हा फिलिपिन्सचा उत्तर टोकाचा प्रांत. लुझोन बेट संपलं की मोठा समुद्र, मग ही बेटं, आणि इथून साधारण १९० किलोमीटरवर तैवान. लोकसंख्येने आणि जमिनीनेही देशातला सगळ्यात लहान प्रांत. २०२० च्या जनगणनेत इथे १८,८३१ माणसं होती. वस्ती फक्त तीन बेटांवर: बाटान, साबतांग आणि इटबायात. राजधानी बास्को बाटान बेटावर, विमानतळही तिथेच. इथले मूळ रहिवासी इवातान. त्यांची भाषा मनिलाच्या टागालोगपेक्षा तैवानच्या लान्यू बेटावरच्या ताओ लोकांच्या भाषेला जवळची. नकाशा बघितलात की यात नवल वाटणार नाही.

पहिली पायरी: महिना ठरवा

मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा सगळ्यात भरवशाचा काळ. समुद्र त्यातल्या त्यात शांत, आकाश मोकळं, होड्या चालू. फक्त ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा टाळा. तेव्हा सगळा देश सुट्टीवर असतो आणि बास्कोची तिकिटं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत.

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. त्यातही सप्टेंबर इथे बदनाम आहे: २०१६ मध्ये मेरांती, २०२१ मध्ये चांथू आणि २०२४ च्या सप्टेंबरच्या अखेरीस क्राथोन, अशी तिन्ही वादळं या बेटांवरून गेली. बातम्या शोधताना एक लक्षात ठेवा. फिलिपिन्सची हवामान संस्था पागासा प्रत्येक वादळाला स्वतःचं वेगळं नाव देते आणि तिथे तेच नाव चालतं. वरची तीन वादळं तिथल्या लोकांना फर्डी, किको आणि हुलियन म्हणूनच आठवतात. जागतिक नाव घेऊन विचाराल तर समोरचा गोंधळेल.

डिसेंबर ते फेब्रुवारी मला स्वतःला आवडतो. टेकड्या हिरव्यागार, हवा गार, गर्दी नाही. पण अमिहान म्हणजे ईशान्येचा वारा जोरात असतो, ढग खाली उतरतात आणि साबतांगची होडी दिवसचे दिवस बंद राहू शकते. हाताशी भरपूर दिवस असतील तरच या काळात जा.

दुसरी पायरी: दिवस शेवटाकडून मोजा

आपण नेहमी निघायच्या तारखेपासून मोजतो. इथे परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानापासून मागे यायचं. त्या विमानाआधी मनिलात दोन पूर्ण रात्री मोकळ्या ठेवा. बास्कोचं विमान रद्द झालं तर याच रात्री कामी येतात, आणि नाही झालं तर मनिलाचा जुना तटबंदीचा भाग इंत्रामुरोस बघून होतो. त्यामागे बाटानेसमध्ये किमान पाच रात्री धरा. त्यामागे जातानाची मनिलातली एक रात्र. म्हणजे घरापासून घरापर्यंत नऊ-दहा दिवस. "तीन दिवसांत बाटानेस" अशा सहली विकल्या जातात. वारा पडलेला असेल तर जमतंही. पण वाऱ्याशी पैज लावायला कोणी एवढ्या लांब जाऊ नये.

भारतीय पासपोर्ट असेल तर हा हिशोब चौदा दिवसांत बसवा. ८ जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी चौदा दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः वाचा. शिवाय पोचण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल ही सरकारी नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती फुकट आहे. शोधताना पैसे मागणारं पान उघडलं तर समजा, चुकीच्या दारात आलात.

तिसरी पायरी: तिकिटं

मनिलाहून बास्कोला पंख्यांची छोटी विमानं जातात. प्रवास पावणेदोन तासांच्या आतबाहेर. उड्डाणं साधारण सकाळची, कारण दिवस चढला की वारा वाढतो. म्हणून जाताना मनिलात मुक्काम लागतोच. मनिला विमानतळाची टर्मिनलं वेगवेगळ्या इमारतींत आहेत आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावर वाहतूक तुंबलेली असते. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून दोन तासांत बास्कोचं विमान पकडू, हा बेत कागदावरच बरा.

सामानाचं वजन काटेकोर मोजतात. विमानच लहान असल्यामुळे जास्तीचे पैसे भरायची तयारी असूनही कधीकधी बॅग मागे राहते. एक दिवसाचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. तिकीट काढताना रद्द झालेल्या उड्डाणाबद्दलचा नियम नीट वाचा, आणि आरक्षणात स्वतःचाच फोन नंबर आणि ईमेल टाका, एजंटचा नको. पहाटे येणारा "आजचं विमान नाही" हा निरोप थेट तुमच्याकडे यायला हवा.

चौथी पायरी: पैसे, फोन, खोली

लागतील तेवढे पेसो मनिलातूनच रोख घेऊन जा, वर दोन जादा दिवसांचे. एटीएम बास्कोत आहेत, पण बास्कोबाहेर त्यांच्यावर विसंबू नका. साबतांग आणि इटबायातला तर रोखीशिवाय गत्यंतर नाही. सुटे पैसे भरपूर ठेवा, ते कशाला हे पुढे येईलच. मोबाइलचं जाळं बास्कोत ठीक, टेकड्यांआड गेलात की गायब. नकाशे आधीच उतरवून घ्या.

राहायला बास्कोतलं घरगुती निवासस्थान निवडा. हौसेपेक्षा यात व्यवहार जास्त आहे. होडी आज सुटणार का, विमान येणार का, गॅरेजवाला कोण, याची उत्तरं घरमालकिणीकडे तुमच्या फोनआधी पोचलेली असतात. प्रांतात आल्यावर पर्यटन कार्यालयात नोंदणी आणि पर्यावरण शुल्क असतं. साबतांगचं शुल्क वेगळं. पावत्या जपून ठेवा, पुढे विचारतात.

फिरायला तीनचाकी ट्रायसिकल सगळ्यात सोयीची. ती वाटाडा-चालकासकट दिवसभरासाठी ठरवता येते. स्कूटर भाड्याने मिळते, पण रस्ते कड्याच्या कडेने वळणावळणाचे आहेत आणि वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध गाय बसलेली असू शकते. जागोजागी हॉर्न वाजवायच्या पाट्या आहेत. त्या पाळा.

पाचवी पायरी: साबतांग आधी उरका

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. बहुतेक लोक पहिल्या दिवशी बास्को, दुसऱ्या दिवशी दक्षिण बाटान आणि शेवटच्या दिवशी साबतांग असा क्रम लावतात. शेवटच्या दिवशी होडी बंद निघाली की साबतांग हुकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणूस साबतांगमध्ये अडकतो आणि त्याचं विमान त्याच्याशिवाय जातं. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी होडी चालू असेल तर बाकी सगळं सोडून साबतांगला जा. बाटान बेट कुठे पळून जात नाही.

होडी सुटते इवानाच्या धक्क्यावरून. बास्कोहून तिथे पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे पहाटेच निघा. नाव नोंदवायचं, तटरक्षक दल समुद्र बघून परवानगी देतं, मग सुटायचं. या होडीला फालोवा म्हणतात. फिलिपिन्समध्ये इतरत्र दिसणाऱ्या होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात असतात. हिला ते नाहीत. बूड गोलसर, पोट खोल. या लाटांत बाजूचे हात टिकत नाहीत. फालोवा लाटेशी भांडत नाही, तिच्यासोबत वर जाते आणि खाली येते. पोटाला मात्र हे पटायला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तासाच्या या प्रवासात माझ्या एका बाजूला तांदळाची पोती होती आणि दुसऱ्या बाजूला पाय बांधलेली शेळी. शेळी माझ्यापेक्षा शांत होती. मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

साबतांगमध्ये सावीडुग आणि चावायान ही दोन गावं मुख्य. दगडी घरं बघायची ती इथे. भिंती चुन्यात बसवलेल्या दगडांच्या, काही ठिकाणी हातभर काय, मीटरभर जाड. वर कोगोन गवताचं दाट छप्पर. घराला एक फेरी मारा: खिडक्या तीन बाजूंना दिसतील, चौथी भिंत सलग. ज्या दिशेने वादळी वारा येतो तिकडे घराने पाठ केलेली असते. वादळाची चाहूल लागली की छपरावर दोरांची जाळी टाकून ती जमिनीशी ताणून बांधतात. चुन्याचं बांधकाम स्पॅनिश काळात आलं. त्याआधीची घरं बुटकी, गवताची होती. शत्रूपासून बचावासाठी लोक इजांग नावाच्या उंच खडकाळ टेकड्यांवर राहत, त्यातली एक सावीडुगजवळ दिसते. स्पेनने ही बेटं १७८३ मध्ये ताब्यात घेतली आणि पुढे लोकांना टेकड्यांवरून खाली गावांत आणून बसवलं. साबतांगच्या आमान दांगात या प्रमुखाने या राजवटीविरुद्ध उठाव केला, तो १७९१ मध्ये.

चावायानमध्ये बायका वाकुल बनवतात. समोरून बघितलं तर वाटतं बाईने लांब, दाट, पिवळसर केसांचा टोप घातलाय. तो डोक्यावरून पाठभर खाली येतो. वोयावोय नावाच्या ताडवर्गीय झाडाची पानं चिरून, धुवून, त्यांचे तंतू सोडवून ते एकेक गुंफलेले असतात. मी हात आत घालून पाहिला: वरून राठ, आतून थंड आणि कोरडं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि थेंब तंतूंवरून घरंगळून खाली जात होते. शेतात वाकून काम करताना ऊन आणि पाऊस दोन्ही पाठीवर घेणारं हे अंगावरचं छप्परच आहे. पुरुषांचा तसाच अंगरखा असतो, त्याला कानायी म्हणतात. फोटोसाठी वाकुल भाड्याने देतात. पैसे देऊन खुशाल घाला, पण पाच मिनिटं बसून विणणं बघा आणि मगच कॅमेरा काढा.

जमल्यास साबतांगमध्ये एक रात्र राहा. एका दिवसात येऊन जाणाऱ्यांना परतीची होडी दुपारी लवकर पकडावी लागते, त्यामुळे मोरोंग किनाऱ्यावरची दगडी कमान आणि चावायान या दोन्हींत घाईच होते. जेवण मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. ऐन वेळी गेलात तर बिस्किटांवर भागवाल.

सहावी पायरी: बाटानचे दोन दिवस

दक्षिण बाटानला एक पूर्ण दिवस द्या. बास्कोहून चावाचा कडा, माहाताओचं जुनं चर्च, मग राकुह आ पायामान. ही चराऊ टेकड्यांची मोठी उतरण आहे, गाई-म्हशी मोकळ्या चरतात आणि खाली थेट समुद्र. पुढे उयुगानमार्गे इवाना. इवानात दाकाय घर आहे, १८८७ मध्ये बांधलेलं. धक्क्याजवळच एक दुकान आहे, तिथे दुकानदार नसतो. १९९५ मध्ये एका निवृत्त शिक्षिकेने ते सुरू केलं. कॉफी, बिस्किटं, टोप्या घ्यायच्या, वहीत लिहायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. मोड द्यायला कोणी नसतं. सुटे ठेवा म्हटलं ते यासाठी. पन्नास पेसोच्या वस्तूला पाचशेची नोट टाकून उगीच उदार होण्याची वेळ आणू नका.

माहाताओजवळ दिउरा हे मासेमारांचं गाव आहे. मार्च ते मे हा आरायु म्हणजे डोराडो माशाचा हंगाम. मातॉव म्हणवणारे मच्छीमार लहान होड्यांतून एकेकटे जातात. आधी उडणारे मासे धरतात आणि तेच आमिष म्हणून वापरतात. हंगामाची सुरुवात विधीने होते आणि होड्या लावायच्या जागेचे त्यांचे नियम असतात. वाटाड्याला विचारल्याशिवाय त्या जागेत शिरू नका, होडीवर बसून फोटो तर नकोच. चिरून उघडलेले, बांबूवर ओळीने वाळत घातलेले मासे बाहेरूनही दिसतात, वास तर त्याआधीच येतो.

उत्तर बाटान अर्ध्या दिवसाचं: नाईदीचं दीपगृह, वायांगच्या टेकड्या, जपानी सैन्याने खणलेला बोगदा (८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौज फिलिपिन्समध्ये सगळ्यात आधी इथेच उतरली), आणि वालुगानचा गोट्यांचा किनारा. वालुगानला वाळू नाही. इराया ज्वालामुखीतून आलेले आणि समुद्राने घासून गोल केलेले दगड आहेत. लाट मागे सरकते तेव्हा ते एकमेकांवर आपटतात. तो आवाज ऐकत तिथे तासभर बसता येतं. पोहायला उतरू नका आणि दगड खिशात घालू नका. अख्खा प्रांतच कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे.

इराया १,००९ मीटर उंच. चढायचं तर स्थानिक वाटाड्या घ्याच. माथ्यावर बहुतेक दिवस ढगच असतो, त्यामुळे दृश्याची हमी नाही.

इटबायातचं काय?

पहिल्या खेपेला नको, असं माझं स्पष्ट मत. तिथे किनारा नाही, चहूकडे कडे. होडीने तीन-चार तास, आणि उतरताना लाट वर आली की धक्क्यावर उडी. २७ जुलै २०१९ च्या भूकंपात तिथली कित्येक दगडी घरं पडली, माणसं गेली. जायचंच असेल तर तीन-चार जादा दिवस हातात ठेवून जा, आणि तिथल्या घरी पाहुणे म्हणून जा.

जेवण

हळद घातलेला पिवळा भात, त्याला सुपास म्हणतात. तो नीरफणसाच्या मोठ्या पानावर वाढतात. उवुद म्हणजे केळीच्या बुंध्याखालचा कंद किसून केलेले गोळे. वुनेस म्हणजे वाळवलेल्या अळूच्या देठांची भाजी. लुनिस म्हणजे स्वतःच्याच चरबीत शिजवलेलं मिठाचं डुकराचं मांस. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं: उवुदच्या गोळ्यात मासा किंवा मांस असतं, वुनेसमध्येही बहुधा असतंच. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. "मांस नको, मासा नको, चरबी नको" असं तिन्ही वेगळं सांगा, तेही आदल्या दिवशी. रताळी, कोनफळाच्या जातीचे कंद, नेच्याच्या कोवळ्या पानांची कोशिंबीर यावर छान निभतं. तातुस हा नारळ फोडणारा खेकडा कोणी देऊ केला तर नाही म्हणा. तो संरक्षित आहे.

बॅगेत काय

छत्री घरी ठेवा, पहिल्याच टेकडीवर उलटी होईल. वारा अडवणारं जाकीट, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, ओल्या दगडावर न घसरणारे बूट, पाणी न शिरणारी पिशवी, टॉर्च आणि तुमच्या नेहमीच्या औषधांचा चार दिवसांचा जादा साठा. ड्रोन आणायचा असेल तर आधी परवानगीचं विचारा.

आभार मानायला "दिओस मामाजेस" म्हणतात. निघणारा "दिओस माविदिन" म्हणतो, देव तुमच्यापाशी राहो. मागे राहणारा "दिओस माचिवान" म्हणतो, देव तुमच्यासोबत जावो. कोणी काय म्हणायचं यात सुरुवातीला माझी गल्लत व्हायची.

विमान रद्द झालं तर

लगेच काउंटरवर जा, पुढच्या विमानाच्या यादीत नाव घाला, रद्द झाल्याचा लेखी पुरावा मागा. तो पुढच्या तिकिटासाठी आणि विम्यासाठी लागतो. मग घरमालकिणीला फोन करून खोली राखा, कारण तीच खोली आणखी पंधरा जण मागणार असतात. आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी पोचा.

माझं विमान तिसऱ्या सकाळी आलं. आजींची पेटी वजनात जास्त भरली. त्यांनी तिथेच फरशीवर पेटी सोडली, तीन मासे काढून काउंटरवरच्या मुलीच्या हातात दिले, पेटी पुन्हा बांधली आणि काट्यावर ठेवली.